हिवरखाप्याचं सतरावं घर

आधीच सांगून ठेवते, ही रचलेली गोष्ट नाही.

रचलेल्या गोष्टी मी पुष्कळ लिहिल्या, दोन जाडी रजिस्टरं भरून. त्यामुळे रचलेलं कुठं संपतं ते मला कळतं. ते संपल्यावर जे घडलं, ते सांगते आहे.

२१ मे १९८६. बुधवार. सौंसर, बाजार चौकाच्या मागची गल्ली, आमचं तीन खोल्यांचं घर.

रात्र नव्हती. भुताच्या गोष्टीत लोक रात्र शोधतात. इथं दुपारचे साडेबारा झाले होते. आमच्याकडचा मे महिना ज्यानं काढला त्याला जास्त सांगायला नको. बारा ते चार गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नाही. दारं बंद, खिडकीवर ओलं पोतं, विजेची लाईन गेलेली.

घरात चार माणसं होती. मी, माझा भाऊ हेमंत, त्याचा मित्र मधुकर आणि आमचे बाबा.

चौघांनीही ते ऐकलं. त्यातलं एक माणूस आता नाही. हेमंत त्या विषयावर बोलत नाही. मधुकर बोलतो, पण घरात येत नाही. रस्त्यावर उभा राहून बोलतो.

राहिले मी.

हेमंत माझ्याहून बराच लहान. आई गेली तेव्हा तो रांगत होता. मी शाळा सोडली आणि त्याला वाढवला. पुढे त्याचीच पुस्तकं वाचून जेवढं शिकता आलं तेवढं शिकले. इंग्रजी तर मी डिक्शनरी घेऊन, चुलीसमोर बसून शिकले. बोलता येत नाही, पण वाचलेलं समजतं.

त्या वर्षी संक्रांतीच्या आधी हेमंत पांढुर्ण्याहून येताना मोटारसायकलवरून पडला. मांडीचं हाड मोडलं. नागपूरला प्लास्टर घातलं, मार्चमध्ये काढलं. हाड जुळलं होतं, पण गुडघा लाकडासारखा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "रोज वाकवा. दुखलं तरी वाकवा. पावसाळ्याच्या आत वाकला तर वाकला, नाहीतर जन्मभर पाय काठीसारखा राहील."

वीस वर्षांचा पोरगा. भिंतीकडे तोंड करून झोपून राहायचा.

"हेमंत, ऊठ. दहा वेळा तरी वाकव."

"दुखून राहिलं ताई. उद्या करतो."

त्याचा उद्या कधी उगवायचाच नाही.

तेव्हा नागपूरचा आमचा मावसभाऊ दिलीप भेटायला आला. त्याच्या साहेबाच्या पोरानं अमेरिकेहून आणलेला एक खोका घेऊन. खेळ होता म्हणे. आत ना पट, ना सोंगट्या. फासे होते ते हरवलेले. राहिलं होतं फक्त साठ-बासष्ट पानांचं एक पुस्तक.

"तुला वाचायची खाज आहे न, घे," दिलीप म्हणाला.

मी आठ दिवसांत वाचून काढलं. अजब खेळ होता. एकानं सांगायचं, बाकीच्यांनी त्यात राहायचं. सांगणारा म्हणतो, तुम्ही गावाच्या वेशीवर उभे आहात, समोर दोन रस्ते आहेत. खेळणारा म्हणतो, मी डाव्या रस्त्यानं जातो. मग सांगणारा सांगतो डावीकडे काय आहे. जमलं की नाही ते फाशावर. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. फक्त जात राहायचं.

जात राहायचं... मी पुस्तक मिटलं आणि भिंतीकडे तोंड केलेल्या त्या पोराकडे पाहिलं.

पुस्तकातल्या राक्षसांचं आणि किल्ल्यांचं मला काही करायचं नव्हतं. मी आपलं गाव रचायला बसले. नाव ठेवलं हिवरखापा. नकाशात शोधू नका.

गाव रचणं म्हणजे गोष्ट लिहिणं नव्हे, हे पहिल्या दोन दिवसांत कळलं. गोष्टीत माणूस तुम्ही म्हणाल तिकडे जातो. इथं खेळणारा भलत्याच घरात शिरतो, आणि त्या घरात काय आहे ते तुम्हाला आधी माहीत पाहिजे. म्हणून प्रत्येक घराला नंबर द्यायचा. नंबराखाली चार ओळी लिहायच्या. दारात काय दिसतं. काय ऐकू येतं. आतल्या माणसाला काय पाहिजे. तो काय लपवतो.

तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची, असं त्या पुस्तकात दोनदा लिहिलं होतं. रचलेल्या प्रत्येक माणसाला काहीतरी पाहिजे असलंच पाहिजे.

नकाशा मात्र मला जमेना. घरं ओळीत येत, शाळेतल्या बाकांसारखी. खरं गाव असं नसतं.

बाबा मास्तर होते. श्रीधर गुरुजी म्हटलं की सौंसरात कोणीही घर दाखवायचं. दर दहा वर्षांनी मास्तर लोकांना माणसं मोजायचं काम लागतं, आणि त्याच्या आधी घरांची यादी करायचं. घरावर गेरूनं नंबर टाकायचा, कागदावर नजरी नकाशा काढायचा. १९८० च्या उन्हाळ्यात बाबांनी ते केलं होतं. त्यांच्या पेटीत त्याचे कच्चे कागद पडले होते. मागची बाजू कोरी म्हणून फेकले नव्हते.

त्यातला एक मी उचलला. कन्हान नदीच्या वर, जंगलाच्या कडेला एक टोला, म्हणजे लहानशी वस्ती. सतरा घरं. वाकडी वाट, एक विहीर, एक बोरीचं झाड. सुरेख गाव होतं. जसंच्या तसं उतरवलं. नावं बदलली.

सोळा घरांपुढे माणसं लिहिली होती. सतराव्यापुढे बाबांच्या अक्षरात एकच शब्द होता.

कुलूप.

मलाही बरं वाटलं. गावात एक बंद घर असावं, खेळणाऱ्याच्या जिवाला खुमखुमी राहते. मीही १७ लिहून पुढे "कुलूप" लिहिलं. आत काय, ते पुढे बघू म्हटलं. चार ओळींची जागा कोरी सोडली.

माझी चूक ती.

फाशाऐवजी चिंचोके घेतले. सहा अर्धे, फोडलेले, आतली बाजू पांढरी. तीन पांढरे पडले तर मनासारखं. आणि एक अट माझी. वीस वेळा गुडघा वाकवायचा, तेव्हा एक दान.

हेमंत पहिल्या दिवशी चिडला. "मी काय लहान पोरगा आहे का ताई?"

मधुकर त्याचा कॉलेजचा दोस्त, दर बुधवारी आणि रविवारी पांढुर्ण्याहून बसनं यायचा. तो म्हणाला, "अबे खेळ न. नाहीतर मी एकटाच जातो त्या गावात आणि तुझ्या वाटणीचंही खातो."

मधुकरनं आपल्या पात्राचं नाव ठेवलं हवालदार तोफखाने. पहिल्याच डावात विहिरीत पडला.

"पडला कसा?" मी विचारलं.

"हवालदार आहे ताई, खाली पाहत नाही."

हेमंत हसला. तीन महिन्यांनी हसला. मी उठून आत गेले, डोळ्यांत कचरा गेल्यासारखं झालं होतं.

त्याला म्हटलं, "तुझ्या पात्राचं नाव?"

"हेमंतच."

"स्वतःचं नाव घेऊ नये असं लिहिलं आहे पुस्तकात."

"दुसरं नाव कशाला ताई? पाय तेवढे दुसरे दे."

मी दिले.

एप्रिलभर खेळलो. हिवरखाप्यात हेमंत टेकडी चढला, बोरीच्या झाडावर चढला, संत्र्याच्या बागेत राखणदाराच्या पुढे पळाला. आणि इकडे खाटेवर त्याचा गुडघा बोटभर वाकायला लागला. मग दोन बोटं. मग वीत. मी रोज सुतळीनं मापायची.

रविवारी ११ मे ला तो सतराव्या घरापाशी आला.

"कुलूप आहे," मी सांगितलं.

"कुलूप नाही आहे ताई," हेमंत म्हणाला. "आतून कडी आहे."

"मी सांगते आहे न. कुलूप आहे."

"दान टाकू दे."

त्यानं टाकलं. सहाच्या सहा पांढरे.

"घे! आता उघड," मधुकर ओरडला.

चार ओळी कोऱ्या होत्या. मी आळसानं म्हटलं, "उघडलं. आत काही नाही. रिकामं घर."

तेव्हा...

मागच्या खोलीतून आवाज आला. जमिनीवरून काहीतरी ओढल्यासारखा. सर्र... मग थांबला. मग पुन्हा सर्र...

"बाबा उठले वाटतं," मी म्हटलं आणि बघायला गेले.

बाबा गाढ झोपले होते. खोलीत दुसरं काही नव्हतं.

येताना माठातलं पाणी घ्यावं म्हणून हात घातला. सकाळी मी स्वतः भरला होता, काठोकाठ.

कोरडा होता. तळाला ओलही नव्हती.

त्या दिवसापासून खेळात हेमंत सतराव्या घरातून बाहेर येईना.

मी म्हणायची, "चल, विहिरीवर हवालदाराला कोणी तरी ढकललं, बघायला जाऊ."

"तुम्ही जा. मी इथं आहे."

"तिथं काही नाही रे."

"आहे न. चूल आहे, थंड. मडकं आहे, कोरडं. एक म्हातारी आहे. दाराकडे येऊन राहिली. पोहोचत नाही."

हे मी लिहिलं नव्हतं.

मधुकरनं आधी थट्टा केली. "म्हातारीला म्हणा हवालदार आला, पाणी पाजतो." हेमंत त्याच्याकडे असं बघत राहिला की मधुकरनं चिंचोके खाली ठेवले.

हेमंतनं पाय वाकवणं बंद केलं. मी धरून वाकवायला गेले तर ओरडला. तीन दिवसांत सुतळीचं माप वीतभरावरून बोटावर आलं. डॉक्टरांचा शब्द माझ्या डोक्यात घणासारखा पडत होता. पावसाळ्याच्या आत... आणि मे अर्धा संपला होता.

माठ रोज बाराला कोरडा व्हायचा. मी दोन माठ भरले. दोन्ही कोरडे.

सांगणारी मी होते. गाव माझं होतं. मी रजिस्टर घेऊन बसले आणि लिहिलं, "सतरावं घर वादळात पडलं." डावात तसं सांगितलं.

"नाही पडलं," हेमंत म्हणाला.

दान टाकलं. सहाच्या सहा काळे.

मी लिहिलं, दार मोडलं. काळे. पूर आला. काळे. हेमंतला मधुकर ओढून बाहेर काढतो. काळे, काळे. मी चिंचोके बदलले, नवे फोडले. काही फरक पडला नाही.

मंगळवारी, वीस तारखेला, दुपारी मी पोळ्या करत होते. मागून तो आवाज आला. सर्र... सर्र...

वळून पाहिलं.

हेमंत खाटेवरून खाली उतरला होता. दोन्ही हातांवर, दोन्ही पाय मागे मेल्यासारखे सोडून, तो जमिनीवरून सरपटत दाराकडे चालला होता. एक पाय तर त्याचा धडधाकट होता. तोही ओढत होता.

"हेमंत!"

त्यानं ऐकलं नाही. बंद दाराकडे मान वर करून तो बोलला. आवाज त्याचाच होता, पण बोलणं म्हाताऱ्या बाईचं...

"आली जी... थांबा."

दारात कोणी नव्हतं.

माझ्या मागे भांडं पडलं. बाबा उभे होते. झोपेतून उठून पाणी प्यायला आले असावेत. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता, आई गेली तेव्हाही नाही.

"हे... हे हा कुठून शिकला?" बाबांनी विचारलं.

मी हेमंतला खाटेवर टाकलं आणि बाबांना रजिस्टर दाखवलं. त्यांनी खेळाकडे कधी लक्ष दिलं नव्हतं, पोरांचं काहीतरी म्हणून. नकाशा पाहिला आणि चष्मा काढून ठेवला.

"माझा टोला आहे हा सुधा."

"हो बाबा. तुमच्या कच्च्या कागदावरून घेतला. नावं बदलली मी."

"सतरावं कशाला घेतलंस?"

"ते तर कुलूपबंद होतं न?"

बाबा चुलीकडे बघत बोलायला लागले, माझ्याकडे नाही.

"कुलूप नव्हतं. आतून कडी होती. मी बाहेरून हाक मारली, घरी कोण आहे म्हणून. आतून आवाज आला, आली जी, थांबा. मी थांबलो. आत काहीतरी ओढल्यासारखं होऊन राहिलं होतं. भर दुपार होती सुधा. सोबतचं पाणी संपलेलं. डोळ्यांसमोर अंधारी येऊन राहिली होती. मी अजून एक हाक मारली. पुन्हा तेच. आली जी, थांबा. मी म्हटलं, म्हातारं माणूस आहे, हळू येते, उद्या येऊ. कागद पूर्ण करायचा होता. कुलूप लिहून टाकलं."

"मग उद्या?"

"नाही गेलो."

चूल विझत आली होती. मी फुंकर घातली नाही.

"पंधरा दिवसांनी तिथला कोतवाल भेटला. म्हणाला, सतराव्या घरातली म्हातारी मेली. मांडी मोडून पडली होती, एकटीच होती. दाराच्या आत, हातभर अंतरावर सापडली." बाबांनी हात लांब करून दाखवला. "इतक्या."

सहा वर्षं त्यांनी हे कोणाला सांगितलं नव्हतं. मी जन्मभर त्यांच्या पोळ्या केल्या, त्यांच्या चपला कुठं झिजतात ते मला माहीत होतं. हे माहीत नव्हतं.

मग तेच म्हणाले, "तुझ्या त्या पुस्तकात काय लिहिलं आहे? घरातल्या माणसाचं काय लिहायचं असतं?"

"त्याला काय पाहिजे ते."

"मग ते लिही न बेटा."

मी १७ समोरचं "कुलूप" खोडलं. तिसऱ्या ओळीच्या जागी लिहिलं, "दार उघडेपर्यंत कोणी तरी थांबलं पाहिजे."

"आता माझं नाव लिही," बाबा म्हणाले. "श्रीधर मास्तर परत आले, असं लिही."

"बाबा, नको. स्वतःचं नाव..."

"तो पोरगा आत आहे. त्याच्याऐवजी कोणाला तरी जावं लागेल न? लिही."

मी लिहिलं. माझ्या हातानं लिहिलं.

दुसरे दिवशी बुधवार. मधुकर आला. साडेबाराला बसलो. बाबांनी पांढरी टोपी घातली होती, शाळेत जाताना घालायचे ती. मांडीवर एक कोरा कागद, कानावर पेन्सिल.

"मी काय म्हणायचं?"

"तुम्ही काय करता ते म्हणायचं बाबा. मग मी सांगते काय होतं."

"मी सतराव्या घराच्या दारात जातो. हाक मारतो. घरी कोण आहे?"

दान टाकलं. सहा पांढरे.

मला सांगायची वेळच आली नाही.

सर्र...

मागच्या खोलीतून. मधुकरनं माझा हात धरला. त्याचा पंजा बर्फासारखा गार होता, त्या उन्हाळ्यात.

सर्र... सर्र...

हेमंत खाटेवर होता. डोळे उघडे, हालचाल नाही. तरी आवाज खोलीतून चालला होता. आमच्या मधून. जमिनीवर मांडलेले चिंचोके आपोआप बाजूला सरकले, कोणी हातानं वाट केल्यासारखे.

मधुकर पुटपुटला, "ताई... आपण उठू. ताई, मला भीती वाटून राहिली."

बाबा हलले नाहीत. घामानं टोपी भिजली होती.

"मी थांबतो," बाबा म्हणाले. "मी इथंच आहे. सावकाश या."

किती वेळ गेला सांगता येत नाही. आवाज आमच्या पुढच्या दारापर्यंत गेला.

थांबला.

मग दाराची कडी... आमच्या दाराची, आतली, लोखंडी... वर उचलली गेली आणि खणकन खाली पडली.

दार मात्र उघडलं नाही.

बाबांनी कानावरची पेन्सिल काढली. शाळेतल्या आवाजात विचारलं, "नाव?"

हेमंतचे ओठ हलले. "अंबाबाई."

"वय?"

"मास्तर, तुम्हीच मांडा अंदाजे."

बाबांनी काहीतरी मांडलं.

"घरात माणसं किती?"

पोत्यातून पाणी टपकायचं ते थांबलं होतं. मधुकरचा श्वास मला ऐकू येत होता.

मग हेमंत हसला. दात नसलेल्या तोंडानं हसावं तसा...

"आता दोन जी."

पुढच्या क्षणी हेमंत ओरडला. पोटात गोळा आल्यासारखा दुमडला, आणि दुमडताना त्याचा पाय गुडघ्यात वाकला. पूर्ण वाकला. हाड मोडल्यासारखा आवाज झाला, पण मोडलं काही नाही.

"ताई, पाणी," तो म्हणाला. त्याच्या स्वतःच्या बोलण्यात. "किती तहान लागली ग."

मी धावत गेले. माठ भरलेला होता.

त्याला पाजलं, तोंड पुसलं, रडले, हसले. मधुकर भिंतीला टेकून खाली बसला होता. मग तो म्हणाला, "ताई... गुरुजी."

बाबा तसेच बसले होते. मांडी घालून, पेन्सिल कागदावर टेकवून. डोळे दाराकडे.

"बाबा. झालं. उठा."

"थांब," ते हळूच म्हणाले. "ती सांगून राहिली."

ऑगस्टमध्ये हेमंत काठीशिवाय चालला. पुढच्या वर्षी नागपूरला नोकरी लागली. लग्न झालं. जिना एका दमात चढतो. त्याला त्या मे महिन्याचं काही आठवत नाही म्हणतो, आणि मी विचारत नाही. मला पोरगा परत मिळाला. ते मी विसरत नाही.

बाबा दिवसभर चांगले असायचे. पेपर वाचायचे, भाजी आणायचे, शेजारच्या नलिनीच्या पोरांना पाढे शिकवायचे. बारा वाजले की दारासमोर येऊन बसायचे. टोपी घालून. मग प्रश्न सुरू.

"नाव?... वय?... जन्म कुठला?... घरात माणसं किती?... पाणी कुठून आणता?"

प्रत्येक प्रश्नानंतर थांबायचे, कोणी उत्तर देत असल्यासारखे. मान हलवायचे. कागद कोराच राहायचा. तीनला उठायचे आणि चहा मागायचे. कुठं होतात विचारलं तर म्हणायचे, "कामावर."

त्यांना त्या घरातून बाहेर काढायचा मी प्रयत्न केला नाही असं समजू नका. पावणेतीन वर्षं दर आठवड्याला, ते दारासमोर बसले की मी आत एकटी रजिस्टर उघडायची. लिहायची, "मास्तरांचं काम संपलं. मास्तर घरी परत आले." दान टाकायची.

काळे. दर वेळी सहाच्या सहा.

मग लिहिण्याची रीत बदलून पाहिली. अंबाबाईसाठी नातेवाईक रचले. एक पोरगी रचली, मालती, सासरहून आलेली, आईला बोलायला सोबत. चांगली चार ओळींची पोरगी. काळे. रचलेलं माणूस तिला नको होतं.

यंदाच्या जानेवारीत बाबा गेले. दुपारीच. दारासमोर बसल्या बसल्या, प्रश्नाच्या मध्येच. लोक म्हणाले, गुरुजी भाग्यवान, त्रास नाही झाला.

तेरावं झालं, हेमंत नागपूरला परत गेला. "ताई, चल माझ्याकडे," म्हणाला. म्हटलं, उन्हाळा झाला की बघू. घर रिकामं झालं. रजिस्टर मी जाम नदीच्या पाण्यात सोडायला नेलं होतं. नदीवर उभी राहिले आणि परत आणलं. बाबा त्यात आहेत, ते कसं सोडू?

तीन महिने काही नाही. मी मोकळी व्हायला लागले होते.

आज मे महिन्याची नऊ तारीख, १९८९. हे घडलं गेल्या मंगळवारी.

साडेबारा झाले होते. मी जेवून ताट उचलत होते. लाईन गेलेली. गल्लीत चिटपाखरू नाही.

दाराबाहेरून आवाज आला.

"घरी कोण आहे?"

बाबांचा आवाज. अगदी त्यांचा. शाळेतला.

माझ्या हातून ताट सुटलं. भीती वाटली नाही, खरं सांगते. तीन महिन्यांनी आपल्या बापाचा आवाज ऐकल्यावर भीती आठवत नाही. मी दाराकडे धावले आणि म्हटलं, "आहे बाबा. मी आहे."

"नाव?"

"सुधा."

सांगितलं. सवयीनं. बापानं विचारलं आणि पोरीनं सांगितलं.

मग उन्हाचा तो आवाज असतो न, कान भरल्यासारखा... तेवढाच.

आणि पुढचा प्रश्न आला. तो बाबांच्या आवाजात नव्हता.

"वय सांगा जी."

मी तोंडात पदर कोंबला. कडीला हात लावला नाही. तीन वाजेपर्यंत तशीच बसून राहिले.

दुसरे दिवशी पुन्हा. तिसरे दिवशी पुन्हा. नाव आता विचारत नाही, ते मांडून झालं. एवढंच विचारते, सावकाश, अजिबात घाई नाही... वय सांगा जी. वय मांडलं की घरात माणसं किती, हा प्रश्न येणार.

आठ दिवस झाले. हेमंतला पत्र टाकलं नाही. टाकलं तर तो धावत येईल, आणि त्याला मी त्या दाराजवळ पुन्हा येऊ देणार नाही.

गल्लीतल्या बाया मला चिडवतात, सुधाताई वय लपवतात म्हणून. इतकं सगळं लिहिलं, त्यातही मी ते कुठं लिहिलं नाही.

आत्ता बाराला दहा कमी आहेत.